परतीची वाट

मी राउटिंगचं काम करते असं सांगितलं की निम्म्या नातेवाइकांना वाटतं, मी घरोघर जाऊन वायफायचे डबे बसवते. एका काकांनी तर लगेच त्यांच्या हॉलमधल्या राउटरचा लाल दिवा का विझत नाही तेही विचारून घेतलं. (विझवून दिला, तो भाग वेगळा.) उरलेले निम्मे 'कॉम्प्युटरचं काहीतरी' म्हणून मान डोलावतात आणि विषय पावसावर नेतात. म्हणून म्हटलं, एकदा सविस्तर लिहूनच टाकावं. गेली पंधरा-सोळा वर्षं मी जे काम करतेय त्यातला हा अगदी छोटा कोपरा आहे, पण माझा जीव सगळ्यात जास्त तिथेच अडकलेला असतो. तांत्रिक मंडळींनी थोडा धीर धरावा, तुम्हाला माहीत असलेलंही बरंच येईल. बाकीच्यांनी घाबरू नये, गणित वगैरे काही नाही.

सुरुवात पत्त्यापासून करू.

एखादं संकेतस्थळ उघडलं की ब्राउझरच्या वरच्या पट्टीत एक ओळ दिसते. बहुतेक लोक ती वाचतही नाहीत. पण वेबची सगळी गंमत त्या एका ओळीत आहे. ती ओळ म्हणजे एक शब्द दिलेला असतो. हा पत्ता जगात कोणीही, कुठूनही, आज टाकला किंवा चार वर्षांनी टाकला, तरी त्याला इथे जे आहे तेच मिळेल. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ साली याच विषयावर एक छोटंसं टिपण लिहिलं होतं. त्याचं सार असं, की चांगले पत्ते बदलत नाहीत, आणि जेव्हा बदलतात तेव्हा ते आपोआप बदलत नसून कोणीतरी माणूस ते बदलत असतो. तुम्हा ब्लॉग लिहिणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. आपण दहा वर्षांपूर्वीच्या लेखाचा दुवा बिनधास्त देतो तो याच भरवशावर.

आता जुनी पद्धत बघा. तुम्ही एका दुव्यावर टिचकी मारता. ब्राउझर तो पत्ता घेऊन दूरच्या सर्व्हरकडे जातो आणि म्हणतो, हे पान द्या. सर्व्हर अख्खं पान देतो. ब्राउझर हातातलं जुनं पान टाकतो आणि नवं मांडतो. आपल्याकडच्या जुन्या ग्रंथालयांत नाही का, कपाटाकडे आपण जायचं नाही, चिठ्ठी लिहून खिडकीत द्यायची, आतून पुस्तक येतं. दुसरं हवं तर पहिलं परत करा, नवी चिठ्ठी लिहा. संथ कारभार, पण चोख. प्रत्येक पुस्तकाला क्रमांक, प्रत्येक चिठ्ठीची नोंद.

या संथ कारभारात ब्राउझर न सांगता बरीच कामं करत असतो. वरचा पत्ता बदलतो. पानाचं नाव बदलतो. आपण कुठून कुठे गेलो याची यादी ठेवतो, म्हणून मागे जायचं बटण दाबलं की आपण बरोबर मागच्याच पानावर येतो. त्या पानावर आपण कुठवर खाली गेलो होतो तेही बहुतेक वेळा त्याच्या लक्षात असतं. आणि ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांच्या स्क्रीन रीडरला तो कळवतो, की बाबा रे, नवं पान आलंय, वाचायला लाग. ही सगळी कामं फुकट मिळत होती. फुकट मिळणाऱ्या गोष्टीचं जे होतं तेच झालं. ती होतायत हे कोणाच्या लक्षातच राहिलं नाही.

मग आली एकपानी संकेतस्थळं. सिंगल पेज अ‍ॅप्लिकेशन. नाव फार मोठं आहे, कल्पना सोपी आहे. सारखं सारखं अख्खं पान कशाला मागवायचं? वरची पट्टी तीच, डावीकडची यादी तीच, बदलतो तो फक्त मधला मजकूर. तर एकदाच पान उतरवून घ्यावं, आणि नंतर जावास्क्रिप्टने सर्व्हरकडून नुसती माहिती मागवून मधला भाग तेवढा बदलावा. २००४ साली जीमेल आलं आणि २००५ साली गुगल मॅप्स, तेव्हा लोकांनी हे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर बघितलं. नकाशा बोटाने, म्हणजे तेव्हा माऊसने, सरकतोय आणि पान पांढरं होत नाहीये! त्याच २००५ साली जेसी जेम्स गॅरेट यांनी या पद्धतीला 'एजॅक्स' हे नाव दिलं आणि ते सगळीकडे पसरलं.

नाटकवाल्यांना मी हे फिरत्या रंगमंचाच्या भाषेत सांगते. अत्र्यांचं 'तो मी नव्हेच' १९६२ साली आलं ते फिरता रंगमंच घेऊन. पडदा पाडायचा, अंधार करायचा, सामान हलवायचं आणि मग पुन्हा पडदा वर, ही भानगडच नाही. मंच फिरला की नवा प्रवेश हजर. प्रेक्षकाची तंद्री मोडत नाही. एकपानी संकेतस्थळ म्हणजे नेमकं हेच. आणि गंमत म्हणजे त्या नाटकातला लखोबाही इथे लागू पडतो. माणूस एकच, पण प्रत्येक ठिकाणी नाव वेगळं, वेश वेगळा. आमचं पानही एकच असतं. ते शंभर पानं असल्याचं सोंग वठवतं.

सोंग घ्यायला हरकत नाही. पण घेतलं की पूर्ण वठवावं लागतं, आणि घोडं तिथेच पेंड खातं.

पहिली अडचण पत्त्याचीच. मंच फिरला, पण पत्ता होता तोच राहिला. तुम्ही यादीतून एका वस्तूवर गेलात, तिथून फोटोंवर, तिथून लोकांच्या मतांवर. तुमच्या मते तुम्ही चार पानं फिरलात. ब्राउझरच्या वहीत मात्र एकच नोंद. मग तुम्ही मागे जायचं बटण दाबता, आणि एक प्रवेश मागे जाण्याऐवजी थेट नाट्यगृहाबाहेर, रस्त्यावर!

माझ्या आईचं उदाहरण देते. तिला एका दुकानाच्या संकेतस्थळावर साड्या बघायच्या होत्या. खाली खाली जात तिने पन्नासेक साड्या पाहिल्या, एकीवर टिचकी मारली, पदर कसा आहे ते बघितलं आणि बॅक दाबलं. परत पहिल्या साडीपासून सुरू. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तर संकेतस्थळच गेलं. मी शेजारीच होते. ती म्हणाली, "अगं, माझाच हात कुठेतरी चुकीचा लागतोय." आणि तिने फोन माझ्याकडे दिला. तिचा हात अगदी बरोबर लागत होता. बॅकचं बटण जे करायला हवं ते तिला पक्कं ठाऊक होतं. चुकत होतं ते बनवणाऱ्याचं. पण खापर तिने स्वतःवर फोडलं, आणि तेव्हापासून ती असल्या ठिकाणी बॅक दाबतच नाही. काही बिघडलं की सगळं बंद करून पहिल्यापासून सुरुवात करते. तिच्या वयाच्या किती जणी असंच करतात ते जरा घरात विचारून बघा.

ही अडचण त्या काळच्या प्रोग्रामरांनाही दिसत होती. त्यांनी शोधलेला पहिला उपाय म्हणजे जुगाडच होता. पत्त्यात '#' ही खूण आली की तिच्या पुढचा भाग ब्राउझर सर्व्हरला पाठवतच नाही. मुळात तो होता लांबलचक पानात एखाद्या परिच्छेदावर उडी मारण्यासाठी. पाकिटावर इमारतीचं नाव, आणि फ्लॅटचा नंबर मात्र आतल्या चिठ्ठीत, असं समजा. पोस्ट खात्याला इमारत कळते, पुढचं इमारतीतले लोक बघतात. या '#' पुढचा मजकूर बदलला तर पान नव्याने मागवलं जात नाही, पण वहीत नोंद मात्र होते. झालं! प्रत्येक प्रवेशाला '#' लावून एक नाव दिलं, की पत्ताही बदलतो आणि बॅकही चालतं.

तेही सरळ नव्हतं. पत्ता बदललाय हे पानाला सांगणारी सोय ब्राउझरमध्ये नव्हती, त्यामुळे सेकंदाला चार-पाच-दहा वेळा 'बदलला का? बदलला का?' म्हणून डोकावत बसावं लागे. जुन्या इंटरनेट एक्सप्लोररसाठी तर पानात एक अदृश्य चौकट लपवून तिच्याकरवी नोंदी करवून घ्यायच्या. २००९ साली त्याच्या आठव्या आवृत्तीत 'हॅशचेंज' ही सूचना आली, पुढे ती इतरांकडेही आली आणि ते डोकावणं हळूहळू थांबलं. मी या क्षेत्रात आले तेव्हा हे सगळं नुकतंच मागे पडत होतं, पण जुन्या कामांत ते तसंच्या तसं सापडायचं. लोकांनी काय काय उचापती केल्या होत्या!

खरा गोंधळ पुढे झाला. '#' पुढचं सर्व्हरला कळत नाही, म्हणजे शोधयंत्रांनाही तिथला मजकूर मिळत नाही. म्हणून गुगलने २००९ मध्ये एक तोडगा सुचवला. '#' पुढे उद्गारचिन्ह टाका, मग आम्ही समजून घेऊ. ट्विटरने २०१० साली तसे पत्ते घेतले. अमेरिकेतल्या गॉकर या समूहाने २०११ च्या फेब्रुवारीत आपली सगळी संकेतस्थळं याच पद्धतीने नव्याने मांडली. आणि त्या ७ फेब्रुवारीला त्यांची जावास्क्रिप्ट उतरेना. झालं काय, तर सगळी संकेतस्थळं कोरी. लेख जागच्या जागी होते, सर्व्हर चालू होते, पण पत्ता कुठला लेख मागतोय हे समजणारा एकमेव प्राणी म्हणजे ती जावास्क्रिप्ट, आणि तीच आली नव्हती. इमारत उभी आहे, पण फ्लॅटचा नंबर वाचणारा वॉचमन रजेवर!

ट्विटरने २०१२ च्या मे महिन्यात हे उद्गारचिन्हवाले पत्ते सोडायला सुरुवात केली आणि पहिलं पान पुन्हा सर्व्हरवरच तयार करून द्यायला लागले. कारण साधं होतं. लोकांना पहिला ट्वीट दिसायला फार वेळ लागत होता. गुगलनेही २०१५ मध्ये आपला तो तोडगा मागे घेतला. पण एकदा दिलेले पत्ते दिलेलेच असतात. ते जगभरच्या लेखांत, ईमेलांत जाऊन बसलेले असतात. '#' पुढचं सर्व्हरला कळतच नाही, म्हणजे ते जुने पत्ते चालू ठेवायचे तर ती ओळखणारी जावास्क्रिप्टही कायम सांभाळत बसायचं. बर्नर्स-लींचं १९९८ चं म्हणणं आठवलं ना?

एव्हाना ब्राउझरांत नीटस सोय येऊ लागली होती. तिचं नाव 'पुशस्टेट'. २०१०-११ च्या सुमारास क्रोम, सफारी, फायरफॉक्समध्ये आली, आणि इंटरनेट एक्सप्लोररमध्ये २०१२ साली. आज मी ज्याला राउटिंग म्हणते ते हिच्यावरच उभं आहे. तिचं काम तीन वाक्यांत सांगते. तुम्ही दुव्यावर टिचकी मारता, तेव्हा आमचा राउटर मध्येच हात घालतो आणि ब्राउझरला म्हणतो, थांब, सर्व्हरकडे जाऊ नकोस. मग पुशस्टेट वापरून वरच्या पट्टीत नवा, '#' नसलेला, सभ्य पत्ता लिहितो, वहीत नोंद करतो, आणि त्या पत्त्याला जुळणारा प्रवेश मंचावर आणतो. तुम्ही बॅक दाबलंत की ब्राउझर 'पॉपस्टेट' नावाची हाक मारतो, ती ऐकून राउटर मागचा प्रवेश पुन्हा लावतो. बस्स. बॅकबोन, एम्बर, अँग्युलर, रिअ‍ॅक्ट राउटर.. नावं आली, काही गेली, मूळ गोष्ट हीच.

यात एक मोठी मेख आहे. वर जो पत्ता लिहिला तो सर्व्हरने कधी पाहिलेलाच नाही! तो आम्ही इथल्या इथे रंगवलेला आहे. तुम्ही तो व्हॉट्सअ‍ॅपवर बहिणीला पाठवलात, तिने टिचकी मारली, की तिचा ब्राउझर सरळ सर्व्हरकडे जाणार. सर्व्हर म्हणणार, असं पान आमच्याकडे नाही. ४०४. तुम्ही म्हणता, "अगं, मला तर दिसतंय!" ती म्हणते, "मला नाही दिसत." दोघीही खरं बोलताय. म्हणून सर्व्हरला आधीच सांगून ठेवावं लागतं, की कुठलाही अनोळखी पत्ता आला तरी ते एकमेव मूळ पान दे, पुढचं आम्ही बघतो. हे सांगितलं की दुसरं दुखणं. खरोखरच चुकीचा पत्ता आला तरी सर्व्हर 'सगळं ठीक' म्हणून पान देत बसतो. मग 'हे पान अस्तित्वात नाही' हे सांगायचं कामही आमच्याच गळ्यात.

म्हणजे बघा, ब्राउझरच्या हातातून आम्ही एक काम काढून घेतलं, तर त्याच्या मागून आणखी सात कामं आली. स्क्रोल कुठे होता ते लक्षात ठेवा. पानाचं नाव बदला. दुवा हा खरा दुवाच ठेवा, नुसता टिचकी ऐकणारा चौकोन नको, नाहीतर लोकांना तो नव्या टॅबमध्ये उघडता येत नाही. अर्धा भरलेला फॉर्म मागे-पुढे जाताना पुसू नका. यातली बरीच कामं तयार राउटर आता सांभाळतात. काही मात्र अजूनही बनवणाऱ्यावर सोडलेली असतात, आणि बनवणारा बहुतेक वेळा डोळस असतो. हे मी मुद्दाम म्हणतेय.

माझ्या आतेभावाला जन्मापासून दिसत नाही. तो बँकेत नोकरी करतो. आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. कॉम्प्युटरवर तो एनव्हीडीए हा मोफत मिळणारा स्क्रीन रीडर वापरतो, आणि इतक्या वेगाने ऐकतो की शेजारी बसणाऱ्याला एक शब्द कळत नाही. मराठी, इंग्रजी, बातम्या, पत्रव्यवहार, सगळं. हुशारीत मी त्याच्या पासंगालाही पुरणार नाही.

काही वर्षांपूर्वी त्याने एका परीक्षेचा अर्ज ऑनलाइन भरला. कुठली परीक्षा, कोणाची, ते सोडा. अर्ज पाच टप्प्यांचा होता, एकपानी पद्धतीचा, आणि 'पुढे' हे बटण प्रत्येक टप्प्यावर त्याच जागी. दादाने पहिला टप्पा भरला, 'पुढे' दाबलं. शांतता. स्क्रीन रीडर काहीच बोलला नाही. का? कारण ब्राउझरच्या दृष्टीने नवं पान आलंच नव्हतं. मधला मजकूर बदलला होता, पण लक्ष, ज्याला आम्ही फोकस म्हणतो, ते त्याच बटणावर होतं. बटण तेच, जागा तीच, सांगण्यासारखं काही घडलंच नाही असं ब्राउझरने धरलं. दादाला वाटलं, दाबलं गेलं नाही. त्याने पुन्हा दाबलं. दुसरा टप्पा न वाचताच मागे पडला.

त्या दुसऱ्या टप्प्यात एक प्रश्न होता. लेखनिक हवा आहे का? आणि उत्तर आधीपासून 'नाही' असं भरलेलं होतं.

दोन दिवसांनी पावती वाचताना त्याच्या लक्षात आलं. संध्याकाळी फोन आला. आवाज नेहमीसारखाच शांत. "अगं, एक विचारायचं होतं. हे बटण दाबल्यावर काही ऐकू आलं नाही, तर माझ्या मशीनमध्ये काही बिघाड असेल का?" पुन्हा तेच बघा. माझी आई म्हणाली माझा हात चुकतोय, हा म्हणतोय माझं मशीन बिघडलंय. मी त्याच्या घरी जाऊन शेजारी बसले आणि संकेतस्थळ पुन्हा उघडून बघितलं. "दादा, तुझं मशीन उत्तम आहे," मी म्हटलं. "त्यांनी पान बदललं आणि तुला सांगितलं नाही." तो हसला. म्हणाला, "म्हणजे कोणीतरी खोलीत आलं, पण दार वाजवलं नाही, पावलं वाजवली नाहीत. मी आपला खोली रिकामी समजून बोलतोय!"

दुरुस्तीसाठी त्याला रजा काढून दोन खेपा घालाव्या लागल्या. प्रत्येक खेपेला 'तुम्हीच नाही म्हणून भरलंय ना?' हे ऐकून घ्यावं लागलं. शेवटी लेखनिक मिळाला, परीक्षा झाली. गोष्ट निभावली. पण निभावली ती दादाच्या चिकाटीवर, त्या संकेतस्थळाच्या कृपेने नाही. त्याच्या जागी एखादा गावाकडून पहिल्यांदाच अर्ज भरणारा अठरा वर्षांचा मुलगा असता तर?

आणि हे टाळायला काय लागतं? प्रवेश बदलला की पानाचं नाव बदलायचं. लक्ष उचलून नव्या मजकुराच्या शीर्षकावर ठेवायचं, म्हणजे स्क्रीन रीडर ते वाचतो. नाहीतर स्क्रीन रीडरला ऐकू जाईल अशी एक अदृश्य ओळ ठेवून तीत 'टप्पा दुसरा, लेखनिकाची माहिती' असं लिहायचं. मोजून काही ओळींचं काम. २०१९ साली मार्सी सटन यांनी वेगवेगळ्या प्रकारचं अपंगत्व असलेल्या लोकांना बसवून यातल्या पद्धती तपासून घेतल्या होत्या. त्यातून हेही दिसलं की एकाला सोयीचं ते दुसऱ्याला अडचणीचं होऊ शकतं. म्हणजे विचारूनच करायला हवं. काही तयार चौकटींमध्ये आता पान बदलल्याची घोषणा आपोआप होते. सगळ्यांत नाही.

यानंतर वर्षभराने आमच्या ऑफिसात एक काम आलं. लोकांनी घरबसल्या रक्ततपासणीची वेळ ठरवायची, असं. सहा टप्पे, एकपानी. मी म्हटलं, पत्ते, बॅक आणि ही घोषणा नीट करायला मला दोन दिवस जास्त हवेत. आमचे साहेब माणूस चांगले, पण तारखेच्या काळजीत. त्यांनी अगदी प्रामाणिकपणे विचारलं, "असे लोक किती टक्के असतील?" हा प्रश्न आमच्या धंद्यात रोज विचारला जातो आणि त्याचं उत्तर आकड्यात दिलं की आपण हरतोच. म्हणून मी आकडा दिलाच नाही. बैठकीत लॅपटॉपवर स्क्रीन रीडर लावला, पडदा पूर्ण काळा केला आणि म्हटलं, "सर, उद्या सकाळी सात वाजताची वेळ घ्या बरं."

साहेबांनी 'पुढे' दाबलं. शांतता. पुन्हा दाबलं. शांतता. मग बॅक दाबलं, आणि ते थेट बाहेर पडले. खोलीत कोणी हसलं नाही. थोड्या वेळाने ते म्हणाले, "मी आत्ता कुठे आहे हेच कळत नाहीये." मला दोन दिवस मिळाले. पुढच्या वेळी मी पडदा काळा करायच्या आतच ते म्हणाले, "हो हो, घे तुझे दोन दिवस." :-)

मला यातून जे उमगलं ते एवढंच. आपण दुसऱ्याच्या हातातलं काम घेतो तेव्हा त्याचा दिसणारा भाग घेतो. न दिसणारा भाग जमिनीवर पडतो आणि कोणाच्या तरी पायात येतो. सासूबाई स्वयंपाकघरातून निवृत्त होतात तेव्हा भाजी-आमटी कोणीही करतं, पण विरजण लावायचं राहून जातं, दुधाची पिशवी सांगायची राहते, ते सकाळी कळतं. तसंच हे. पान बदलणं आम्ही ब्राउझरकडून घेतलं. विरजण राहिलं.

मी एकपानी पद्धतीच्या विरुद्ध नाही बरं का. ईमेल, नकाशे, चित्र काढायची साधनं, जिथे माणूस तासभर एकाच जागी काम करतो, तिथे ती पद्धत खरोखर सुखाची आहे. पण चार पानांच्या लेखासाठी, शाळेच्या सूचनांसाठी, परीक्षेच्या अर्जासाठी फिरता रंगमंच कशाला? साधी सतरंजी पुरते. आणि काळाचा झोका बघा, आता तो परत फिरतोय. पहिलं पान सर्व्हरवरच तयार करून द्यायची रीत पुन्हा रुळली आहे. २०२२ साली क्रोममध्ये 'नॅव्हिगेशन एपीआय' आलं, राउटिंगसाठीच नीट विचार करून बनवलेलं. २०२४ मध्ये त्याच ब्राउझरात अशी सोय आली, की दोन साध्या, वेगवेगळ्या पानांमध्येही तो हळुवार फिरत्या मंचासारखा बदल दिसावा, राउटरशिवाय. म्हणजे ज्या देखणेपणासाठी आम्ही एवढा खटाटोप केला, त्यातला बराचसा ब्राउझर आता स्वतःच देऊ लागलाय, आणि जुना चोख कारभारही शाबूत. असो. पंधरा वर्षांनी का होईना!

तर आत्या, काका, मावशी, आता मी काय करते ते थोडं कळलं असेल. आणि ब्लॉगवाल्या मित्रमैत्रिणींनो, तुमचं स्वतःचं किंवा कोणी बनवून दिलेलं संकेतस्थळ असेल तर आज चार गोष्टी करून बघा. आतल्या एखाद्या पानाचा पत्ता उचलून दुसऱ्याच फोनवर उघडा. तिथेच पान रिफ्रेश करा. तीन पानं आत जाऊन तीनदा मागे या आणि बघा, होतात तिथेच आलात का. आणि शेवटी डोळे मिटून, फोनमधला वाचून दाखवणारा आवाज चालू करून, एका पानावरून दुसऱ्यावर जा.

काही अडलं, तर सगळ्यात आधी 'माझाच हात चुकला असेल' असं म्हणू नका. बनवणाऱ्याला कळवा. सभ्य भाषेत, पण कळवा नक्की. आमच्यापैकी बहुतेकांना ते खरंच माहीत नसतं.